प्लॅस्टरमधली चिमणी

छापा

फुटलेल्या ठशाचे तुकडे कुठे आहेत, हा प्रश्न टांकसाळीत पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा ते तुकडे भट्टीत वितळून गेले होते. कुणी पाठवले? कुणीच नाही. फुटका ठसा संध्याकाळच्या आत भट्टीत जातो, असा नियम आहे म्हणे. नियमाला हात नसतात, त्यामुळे त्याला धरताही येत नाही.

मागे उरली दोन माणसं. एक मेलेला, एक कोठडीतला.

मेला तो फिटर. लहानथोर सगळे त्याला फिटरभाऊ म्हणायचे. नाणं पडतं ते दोन पोलादी ठशांच्या मधे: वरच्या ठशात चित्र, खालच्यात आकडा, आणि मधे धातूची कोरी चकती. वरचा ठसा दणका देतो, नाणं बाहेर पडतं, पुढची चकती आत सरकते. त्या दुपारी दणक्यासरशी वरचा ठसाच फुटला, आणि त्याचा नखाएवढा तुकडा बाजूला तेल घालत उभ्या असलेल्या फिटरभाऊच्या मानेत घुसला. प्रेस चालवत होता ताईचा धाकटा भाऊ.

ताईही टांकसाळीतच कामाला, पण वरच्या मजल्यावर, आराखड्याच्या खोलीत. नाण्याचं चित्र आधी ताटाएवढ्या प्लॅस्टरवर कोरायचं, मग यंत्र ते लहान लहान करत ठशावर उतरवतं. ते ताटाएवढं काम तिचं. फुटलेल्या ठशातली चिमणी तिनेच कोरलेली होती. एका माणसाचा जीव त्या चिमणीने घेतला होता. आता तिच्या भावाची पाळी आली होती.

कारण आरोप साधा होता, आणि साध्या आरोपासारखं वाईट काही नाही. फोरमन म्हणाला, ठसा त्याच सकाळी बसवलेला, कोरा होता. कोरा ठसा आपसूक फुटत नाही. तो फुटतो एकाच कारणाने: मधे चकती नसताना प्रेस चालवला, पोलादावर पोलाद आदळलं, तर. म्हणजे पोराने रिकामा प्रेस चालवला. म्हणजे हयगय. म्हणजे माणूस मारला.

पोराने यावर काय म्हटलं? काही नाही. महिना झाला, त्याने तोंड उघडलं नव्हतं. आणि उद्या सकाळी चौकशी अधिकारी आपला अहवाल बंद करणार होते.

काटा

या देशातलं हे सगळ्यांत लहान नाणं. सुरुवातीला ते तांब्याचं होतं, हातात वजन लागायचं, आणि त्यावर राजाचं डोकं होतं. राजा गेला, डोक्याच्या जागी नांगर आला. लढाईत तांबं मिळेना, तेव्हा मधोमध भोक पाडलं. लोक ते दोऱ्यात ओवून कमरेला बांधायचे. लढाई संपली, भोक बुजलं, तांब्याचं पितळ झालं, पितळेचं अ‍ॅल्युमिनियम. दर बदलात ते थोडं पातळ झालं, थोडं हलकं. आता पाण्यावर अलगद ठेवलं तर तरंगतं.

शेवटच्या बदलात नांगर गेला आणि चिमणी आली. तेव्हापासून नाण्याचं नावच चिमणी. दुकानदार ती परत देत नाहीत, गिऱ्हाईक मागत नाही. सायकलवाले तिला भोक पाडून वायसर म्हणून लावतात, वायसर महाग पडतो म्हणून. एक चिमणी पाडायला एका चिमणीहून जास्त खर्च येतो, त्यामुळे खोटी चिमणी आजवर कुणी पाडलेली नाही.

चिमणी कोरताना ताईने समितीला विचारलं होतं, चोचीत काहीतरी देऊ का? दाणा, काडी, काहीही. बारीक रेघेत धातू नीट भरत नाही, समितीने सांगितलं. चोच रिकामी ठेवा. तिने रिकामी ठेवली.

पुढे तिने ते नाणं कधी निरखून पाहिलं नाही. भिंतीवर ताटाएवढी चिमणी रोज डोळ्यांसमोर असताना पर्समधली नखाएवढी कोण बघतं? पाडणारेही बघत नव्हते.

छापा

भेटीच्या खोलीत जाळीपलीकडे भाऊ बसला होता. दाढी वाढलेली, नखं मात्र स्वच्छ. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या नखांत तेल नव्हतं.

तिने चुचकारलं, रागावली, आईची शपथ घातली. आई गेल्याला आठ वर्षं झाली होती तरी घातली. तो टेबलाकडे बघत राहिला. शेवटी ती म्हणाली की वकील म्हणतात, गप्प बसणारा गुन्हेगार दिसतो. त्यावर तो किंचित हसला. "मग दिसू दे."

"अरे, ठसा नवा होता का? एवढं तरी सांग."

"फोरमन म्हणतोय ना, नवा होता. मग नवाच."

"तू काय म्हणतोस ते विचारतेय."

त्याने पहिल्यांदा मान वर केली. "ताई, वहिनींना नुकसानभरपाई मिळाली का गं?"

वहिनी म्हणजे फिटरभाऊची बायको. ताई म्हणाली, अजून नाही, अहवाल झाल्यावर मिळेल. तो पुटपुटला, "मग होऊ दे अहवाल." आणि उठून गेला. भेटीची वेळ अर्धी शिल्लक होती.

लहानपणी फुलदाणी मांजराने फोडली तरी हा पोरगा मार खायचा. मांजराला घराबाहेर काढतील म्हणून. बाहेर पडताना ताईला ते आठवलं. या वेळी मांजर कोण, ते मात्र कळेना.

छापा

वहिनीने दार उघडलं, पण आत या म्हणाली नाही. ताईच आत गेली. एवढ्या दिवसांत ती इकडे फिरकली नव्हती. कुठल्या तोंडाने येणार?

दोनच खोल्या, आवरलेल्या. खुंटीवर फिटरभाऊचा कामाचा शर्ट तसाच. वहिनीचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लॅस्टरमधे; प्लॅस्टर मळून करडं झालेलं, काठाशी निळ्या शाईत डॉक्टरांनी टाकलेली तारीख. प्लॅस्टरच्या पाठीवर एक नाणं रुतलेलं होतं, आकडा वर. बोलता बोलता ती अंगठ्याने ते चोळत होती. आकडा जवळजवळ पुसला गेला होता.

"तुमच्या भावाला सांगा," वहिनी म्हणाली, "मी त्याला शाप दिलेला नाही. शाप द्यायलाही अंगात त्राण लागतं."

ती म्हणाली, प्लॅस्टर फार दिवसांचं दिसतंय.

कधीच काढायचं होतं, वहिनी म्हणाली. डॉक्टर दोनदा ओरडले. जिन्यावरून पडली तेव्हा फिटरभाऊच तिला घेऊन गेला होता. दवाखान्याच्या खिडकीवर सुट्टे परत मिळाले, त्यात ही चिमणी. प्लॅस्टर ओलं होतं तोवर त्याने ती त्यात दाबून बसवली. डॉक्टर म्हणाले, अहो हे काय? तर म्हणतो, बायको पडली तरी रडली नाही, तिला पदक देतोय.

वहिनीचा अंगठा फिरत राहिला. "चिमणी आत केली, तोंड माझ्याकडे. म्हणाला, काडी घेऊन आलीय बघ, तुझ्या हातावर घरटं करणार. हसला, आणि मग एकदम गप्पच झाला. घरी येईपर्यंत गप्प." ती थांबली. "त्याने शेवटचं काही दिलं असेल तर हे. मी नाही काढणार. हात सडला तरी."

ताई पायऱ्या उतरली तेव्हा तिला स्वतःच्या रडण्यापलीकडे काही ऐकू येत नव्हतं. जे ऐकायला हवं होतं ते नुकतंच तिच्या कानांवरून गेलं होतं.

छापा

टांकसाळीत तीन माणसं होती, ज्यांच्या शब्दावर तिचा भाऊ कोठडीत बसला होता. ताई तिघांकडे गेली.

ठसेघराच्या किल्ल्या जिच्याकडे, तिला सगळे किल्लीवाली म्हणत. कमरेला जुडगा, चालली की खुळखुळाट. ती म्हणाली, दर सोमवारी नवा ठसा द्यायचा, मी देते. अपघाताच्या सोमवारीही दिला, फोरमनच्या हातात. मेणकागदात गुंडाळून, लाल दोऱ्याने बांधून. गाठ तिची स्वतःची, तिरपी, दुसऱ्या कुणाला जमत नाही असं तिचं म्हणणं. कागद सोडून पाहिलात का, ताईने विचारलं. किल्लीवालीला विचारणंच विचित्र वाटलं. "बाई, हाताचा घाम लागला की पोलादाला गंज. मी कशाला सोडू? सोडायचा तो बसवणाऱ्याने." आणि जुना ठसा? तो फोरमन परस्पर भट्टीत पाठवतो.

फोरमन केबिनमधे चहा पीत होता. पुढ्यात बशी, बशीत दोनचार सुट्टी नाणी. तो आदराने उठला, बसा म्हणाला, भाऊ गुणी पोर आहे म्हणाला, वेळ वाईट म्हणाला. मेणकागद मी स्वतः सोडला, ठसा फिटरला दिला, त्याने बसवला. आरशासारखा चमकत होता हो, बाई, तुमची चिमणी त्यात अशी उठून दिसत होती. बोलता बोलता त्याने बशीतली चिमणी बोटाने उलटी केली, आकडा वर केला. मग दुसरी. ताईला वाटलं, माणसाला हातांचं काय करावं कळत नाहीये. तिलाही कळत नव्हतं.

व्यवस्थापक साहेबांच्या खोलीत फोरमनचा फोटो होता, हार घातलेला नव्हे, सत्काराचा. साहेब पंख्याखाली बसून हळहळले. ठसा नवा असूनही चांगल्या प्रेसला गालबोट लागलं. बाकीचे प्रेस सोमवारी ठसा बदलतात तर अर्धी पाळी बंद पडतात. या प्रेसचं उत्पादन सोमवारीसुद्धा कधी खाली आलं नव्हतं, वर्षभरात एकदाही नाही. "माणूस मनावर घेईल तर काय करू शकतो, बघा." शिवाय हे नाणंच आता बंद होणार, त्याच्यापायी एवढं रामायण.

तिघंही एकच सांगत होती: ठसा नवा. तीन तोंडं आणि एक शब्द. ताई जिना उतरत होती आणि तिला वाटत होतं, आपण साप साप म्हणून भुई धोपटतोय. कदाचित पोराने खरंच रिकामा प्रेस चालवला असेल. कदाचित म्हणूनच तो गप्प असेल.

हा विचार तिच्या मनात पहिल्यांदाच आला.

छापा

चौकशी अधिकाऱ्यांना टांकसाळीने मागची खोली दिली होती. फडताळ, एक खुर्ची, आणि एक पाय आखूड असलेलं टेबल. ते बाहेरचे, कोरडे गृहस्थ. लबाड नव्हते, दमलेले होते. ताईने हात जोडले नाहीत, पण जोडल्यासारखाच तिचा आवाज येत होता. चार दिवस थांबा, ती म्हणाली. कशासाठी, त्यांनी विचारलं.

ते लिहायला वळले, तसं टेबल डुगडुगलं. त्यांनी वाकून पायाखालचं काहीतरी सरकवलं, सरकवताना ते निसटून घरंगळलं आणि ताईच्या चपलेला येऊन लागलं. तिने उचललं. चिमणी.

"राहू द्या, त्या ट्रेमधे आणखी आहेत," अधिकारी म्हणाले. "अपघाताच्या दिवशी प्रेससमोरच्या ट्रेमधे पडलेला माल. पुरावा म्हणून जप्त केला. आता तेवढाच उपयोग."

ताई ते नाणं बघत होती. किती वर्षांनी बघत होती कोण जाणे. चिमणी डावीकडे तोंड करून बसलेली, मान तिनेच दिलेली, पंखाची वळणं तिचीच. आणि चोचीच्या टोकातून निघून, मधे किंचित वाकून, थेट नाण्याच्या कडेपर्यंत गेलेली एक उंच रेघ.

चिमणीच्या चोचीत काडी होती.

तिने ट्रे ओढला. दुसरं नाणं, तिसरं, मूठभर. सगळ्यांच्या चोचीत काडी. तीच वाकण, तीच कड.

"मी तिला काडी दिलीच नव्हती," ती म्हणाली.

काटा

पोलादाला तडा जातो तो टोकातून. चित्रातलं सगळ्यांत अणकुचीदार टोक चोचीचं. तिथून सुरू होणार. ठशावरचा तडा म्हणजे बारीक भेग, आणि दणक्याबरोबर चकतीचा मऊ धातू त्या भेगेत शिरतो. ठशावर जी भेग, तीच नाण्यावर उंच रेघ. प्रत्येक दणक्याला भेग थोडी वाढते, रेघ थोडी लांबते. कडेला पोचली की ठसा फुटतो.

बाजारातल्या माणसाला ती काडी वाटते. का वाटू नये? चिमणीच्या चोचीत आणखी काय असणार?

छापा

ताई आता उभी राहून बोलत होती. फिटरभाऊने कामाच्या ओघात दहादा समजावलेलं तडा-भेगांचं शास्त्र तिने अधिकाऱ्यांना सांगितलं, आणि मग एकेक माणूस घेतला. किल्लीवालीला तिने खालून बोलावून घेतलं आणि एकच विचारलं: चिमणीच्या चोचीत काय असतं?

"काडी," किल्लीवाली म्हणाली. "आमची नात तर काडीवाल्याच गोळा करते. का हो, काय झालं?"

ती गेल्यावर ताई म्हणाली, बघा. नवा ठसा हिने कधी उघडून पाहिलेला नाही, पाहिला असता तर चोच रिकामी असते हे तिला माहीत असतं. आणि ठशात काही गडबड आहे हे ठाऊक असतं तर काडीचं नाव तिने काढलं नसतं. म्हणजे ती खरं बोलतेय: बांधलेला नवा ठसा तिने दिला. साहेब म्हणतात, या प्रेसचं उत्पादन सोमवारी कधी खाली आलं नाही. प्रेस थांबवल्याशिवाय ठसा बदलता येतच नाही. म्हणजे बदललाच नाही. नवा ठसा किल्लीवालीच्या हातातून निघाला आणि प्रेसपर्यंत पोचला नाही. मधे एकच माणूस आहे. आणि तो माणूस माझ्यासमोर बशीतल्या चिमण्या एकेक करून उलट्या करत बसला होता. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसा. नियम पाळल्याचं दिसावं म्हणून नवे ठसे घ्यायचे, काम थांबू नये म्हणून जुनाच चालवायचा. ते सगळे नवे ठसे कुठेतरी असतील. त्याच्या कपाटात असतील.

अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला.

"आणि तो म्हणेल," ते शेवटी म्हणाले, "ठसा नवाच होता. तुमच्या भावाने सकाळी रिकामा प्रेस चालवला, तेव्हा तडा गेला, त्याच दिवसात वाढला, दुपारी फुटला. ट्रेमधली नाणी त्याच दिवसाची. त्यांच्यावर तडा दिसणारच."

"बाजारात काडीवाल्या आहेत. किल्लीवालीची नात..."

"नाण्यावर साल असतं, बाई. तारीख नसते. कुणाचीही नात काय सांगते यावर मी कुणाचं कपाट फोडू शकत नाही. आणि आज नुसतं विचारलं तर उद्या ते रिकामं असेल." त्यांचा आवाज आता तेवढा कोरडा नव्हता. "अपघाताच्या आधीचं, काडीचं नाणं आणा. आधीचंच आहे असं डोळ्यांनी दिसणारं. सकाळपर्यंत."

अपघाताच्या आधीचं. तारखेसकट कुलूप लावून ठेवलेलं. असं नाणं कुठे असतं?

तिला माहीत होतं कुठे. प्लॅस्टरच्या काठाशी, मळलेल्या निळ्या शाईत, डॉक्टरांनी घालताना टाकलेली तारीख होती. आणि तेव्हाच तिला बाकीचंही कळलं. काडी बघून फिटरभाऊ हसला आणि मग एकदम गप्प का झाला ते. पोरगा कोणाला घराबाहेर काढतील म्हणून मार खात होता ते.

छापा

प्लॅस्टर कापायची बारीक करवत तिच्या पिशवीत नेहमी असायची. तिचं रोजचंच हत्यार. वहिनीकडे जाताना तिने ठरवून टाकलं होतं काय बोलायचं. डॉक्टरांनी पाठवलंय म्हणायचं. हात वाचवायचा तर आज काढावंच लागेल, मी सांभाळून काढते, दुखणार नाही. नाणं आणि टरफल पिशवीत टाकायचं आणि निघायचं. कापताना वहिनी डोळे मिटेल. एवढं सोपं होतं. भाऊ एकच होता.

ती तसं बोललीसुद्धा. आणि आश्चर्य, वहिनीने वाद घातला नाही. महिनाभर कुणी तिच्या हाताला हात लावला नव्हता; तिने मुकाट्याने टेबलावर हात ठेवला. ताईने करवत टेकवली. वहिनीने डोळे मिटले.

ताईने करवत उचलून बाजूला ठेवली.

"वहिनी," ती म्हणाली, "मी खोटं बोलले."

मग तिने सगळं सांगितलं, खाली मान घालून. की काडी ही काडी नाही, तडा आहे. की आत जी चिमणी आहे तिच्या चोचीत तडा असेल तर ठसा अपघाताच्या कितीतरी आधीपासून खराब होता, आणि पोरगा सुटेल. पण ठसा बदलणं हे फिटरचं काम. फोरमनने बदलू नको म्हटलं आणि फिटरभाऊने ऐकलं, आठवड्यामागून आठवडे ऐकलं. मेलेला माणूसच नियम मोडण्यात सामील होता असं ठरलं तर त्याच्या घरच्यांना भरपाई मिळत नाही. पोराला हे पक्कं ठाऊक आहे. तो महिनाभर म्हणूनच गप्प आहे.

बाहेर कुणाच्या तरी नळाला पाणी आलं आणि बादली भरत राहिली.

"त्याला ठाऊक होतं?" वहिनीने विचारलं. "काडी म्हणाला तेव्हा?"

"पैसे परत घेताना काडी दिसली असणार. हसता हसता लक्षात आलं असणार. पण असल्या नाण्यासाठी कोण भांडणार, दोन महिन्यांत बंदच होणार होतं, असं वाटलं असेल."

"वाटलं असेल," वहिनी म्हणाली. "घरी आल्यावर जेवला नाही नीट. मी म्हटलं, हात माझा मोडलाय आणि तोंड तुम्ही पाडताय." तिने अंगठा नाण्यावर ठेवला, तो चोळला नाही, नुसता ठेवला. "एक गप्प बसून मेला. दुसरा गप्प बसून मरायला निघालाय. आणि मी ही तोंड बंद केलेली चिमणी छातीशी धरून बसलेय. चांगली आहेत हो आपली माणसं."

"भरपाईचं काय होईल, मला खरंच माहीत नाही, वहिनी."

"मलाही नाही." तिने हात पुढे सरकवला. "कापा. आता डोळे नाही मिटणार."

करवत फिरली. पांढरी भुकटी उडाली. प्लॅस्टर दुभंगलं तेव्हा आतून एक बारका, सुरकुतलेला, कुणा परक्याचा वाटावा असा हात निघाला. ताईने नाणं नखाने उचकटलं. इतके दिवस उजेड न लागलेली चिमणी लख्ख होती. चोचीतून निघालेली काडी जेमतेम तिळाएवढी, मधे तीच वाकण, म्हणजे ठसा तोच, पण कडेपासून अजून कितीतरी दूर.

आणि ती जिथे बसली होती तिथे प्लॅस्टरमधे तिचा ठसा राहिला होता, उलटा, खोल. चोचीसमोर केसाएवढी भेग. ताईने आयुष्यभर प्लॅस्टर कोरलं होतं. इतकं खरं तिच्या हातून कधी उतरलं नव्हतं.

कड

फोरमनचं कपाट दुसऱ्या दिवशी सकाळी उघडलं. आत मेणकागदात गुंडाळलेले नवे ठसे होते, खालपासून वरपर्यंत रचलेले, प्रत्येकाला लाल दोरा, प्रत्येकावर तिरपी गाठ. किल्लीवाली रडली. साहेबांनी भिंतीवरचा फोटो काढला. त्याच्या जागी फिकट चौकोन राहिला, तो काही काढता आला नाही.

भाऊ सुटला. घरी आला, आंघोळ केली, आणि ताईशी दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "तुला कुणी सांगितलं होतं?" ती म्हणाली, कुणी नाही. मग तो तिच्या पुढ्यात बसून ढसाढसा रडला, लहान असताना मार खाऊनही रडला नव्हता तसा.

भरपाईचा निर्णय झालेला नाही. कागद कुठल्यातरी टेबलावर आहे. नाणं पुरावा म्हणून गेलं, प्लॅस्टरही गेलं. चिमणी पाडणं पुढे बंद झालं. लोकांना कळायला वेळ लागला, कारण कुणाच्या काही अडलं नाही.

प्लॅस्टर देण्यापूर्वी ताईने त्या खोलगट ठशात ओलं प्लॅस्टर भरून एक चिमणी काढून घेतली होती. वाळल्यावर ती घेऊन ती वहिनीकडे गेली. वहिनीने ती मोकळ्या तळहातावर घेतली, उजेडाकडे धरली, काडीवरून अंगठा फिरवला. मनगट अजून नीट वळत नव्हतं.

"बाजारात म्हणतात, पहिल्या चिमण्यांची चोच रिकामी होती," ती म्हणाली. "खरं का?"

"हो."

"मग तुम्ही का हो नाही दिली तिला काडी? आधीपासूनच असती तर त्याला ही नवी दिसली नसती. काडी म्हणून नुसता हसला असता, गप्प झाला नसता."

ताईने समितीचं नाव घेतलं नाही. ती म्हणाली, "द्यायला हवी होती." आणि दोघी त्या पांढऱ्या चिमणीकडे बघत बसल्या.